पाठीला माती

पंचांनी शिट्टी वाजवली नव्हती, कुणाला लागलं-खुपलं नव्हतं, तरी आमचा बाळगोंडा खोत भर सामन्यात मैदानातून चालत बाहेर आला. येण्याआधी त्याने आपल्याला पाडणाऱ्या पुण्याच्या पोराशी रीतसर हात मिळवला. मग मान खाली घालून माझ्या शेजारी येऊन बसला आणि बूट सोडायला लागला.

"काय रे? काय झालं?"

"पाठ टेकली, सर."

"मग?"

"मग काय? संपली की कुस्ती."

सामन्याचं चौथं मिनिट चालू होतं. आमच्या क्लबच्या आयुष्यातलंही ते चौथंच मिनिट म्हणायचं.

"अरे शहाण्या, ही कुस्ती नव्हे!" मी ओरडलो. "दोन महिने मी काय घसा कोरडा केला? रग्बी लीगमध्ये माणूस पडतो, उठतो, बॉल पायाने मागे ढकलतो आणि खेळ पुढे चालू. सहा वेळा पडायची मुभा आहे. सहा! पडणं हाच तर खेळ आहे!"

"ते खरं हो सर," बाळगोंडा शांतपणे म्हणाला, "पण पाठ टेकली की."

तेवढ्यात पलीकडे सुकुमारने पुण्याच्या एका धिप्पाड गड्याला असा काही उचलून आपटला की सगळं मैदान "आहा" म्हणालं. मलाही बरं वाटलं. पण पुढच्या क्षणी सुकुमारने उजवा हात वर केला आणि विजयी मल्लासारखा मैदानाला फेरी मारायला निघाला. तो प्रेक्षकांना नमस्कार करत असताना पुण्याच्या पोरांनी बॉल पुढे काढला आणि त्याने मोकळ्या सोडलेल्या जागेतून रेषेपलीकडे जाऊन टेकवला. चार गुण. बासष्ट-शून्यने हरलो आम्ही. परतीच्या बसमध्ये सुकुमार मला विचारत होता, "पण सर, पाडला का न्हाई मी त्याला?"

चूक माझीच होती. मी भूपाल मगदूम, शिरोळ तालुक्यातल्या हेरगावच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायचो. एका उन्हाळी शिबिरात हा खेळ पाहिला आणि डोक्यात किडा शिरला की आपल्या गावाचा क्लब काढायचा. राज्याच्या संघटनेने नव्या क्लबला घेतलं, पण एका अटीवर: पहिल्या हंगामात सहापैकी निदान एक सामना जिंकायचा, नाहीतर पुढच्या वर्षी यादीतून नाव कट. एक सामना म्हणजे काय मोठंसं, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

तेरा दणकट पोरं हवी होती आणि गावात दणकट पोरं एकाच ठिकाणी मिळायची, घाटावरच्या तालमीत. तिथे आदगोंडा वस्तादांचं राज्य होतं. सत्तरीचा माणूस, पण पहाटे पोरांच्या आधी हौद्यात उतरून फावड्याने लाल माती उकरायचा, आणि पन्नास वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. मी महिनाभर त्यांच्या पायरीवर हेलपाटे घातले. शेवटी एकदाचे ते म्हणाले, "न्या पोरं. पावसाळ्यात अशीबी बसूनच हायती. पर माझी एक अट हाय, मास्तर."

"बोला."

"माझ्या तालमीच्या पोराची पाठ चारचौघांत लागता कामा न्हाई. ज्याची लागंल, त्यानं यंदाच्या जत्रंत तालमीच्या नावानं उतरायचं न्हाई."

मी समजावलं की तिथे माती नसते, गवत असतं. या खेळात एका सामन्यात माणूस वीस वेळा पडतो, आणि पाठ टेकली काय, पोट टेकलं काय, कुणी बघतसुद्धा नाही.

"मी बघतो की," वस्ताद म्हणाले.

आणि खरंच बघायचे! प्रत्येक सामन्याला बसमध्ये पहिल्या सीटवर, माझ्या शेजारी, फेटा बांधून हजर. पुण्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाळगोंडाची जत्रा गेली. साताऱ्याला आणखी एकाची गेली, सोलापुरात दोघांची. बाकीच्यांनी धसका घेतला. कुणी अंगावर आलं की आमची पोरं पाठ वाचवायला मांजरासारखी अंग वळवून पोटावर पडायची आणि त्या गडबडीत हातातला बॉल सोडून द्यायची. समोरचे तो आरामात उचलायचे. चव्वेचाळीस-शून्य. छत्तीस-चार. ते चार गुण मिळाले तेव्हा मी एवढा नाचलो की पंचांनी मला ताकीद दिली.

खरं सांगायचं तर ज्यांची जत्रा गेली होती ते चौघेच तेवढे रग्बी खेळायचे. त्यांना आता कशाचीच भीती उरली नव्हती. बिनधास्त पडायचे, उठायचे, बॉल मागे ढकलून पुन्हा धावायचे. ते बघून एकदा माझ्या मनात आलं, बाकीच्या नऊ जणांचीही पाठ एकदाची लागून जावो. मग मौलाकडे नजर गेली आणि माझी मलाच लाज वाटली.

मौला नदाफ हा त्या तालमीचा जीव होता. चोवीस वर्षांचा, बोलायला लाजाळू, अंगाने नुसता पोलाद. उभ्या आयुष्यात त्याच्या पाठीला कुणी माती लावलेली नव्हती. यंदाच्या जत्रेत त्याची शेवटची, म्हणजे सगळ्यात मोठी कुस्ती ठरली होती. शेवटची कुस्ती आपल्या तालमीला मिळावी म्हणून वस्तादांनी बारा वर्षं वाट पाहिली होती आणि मौलाने आठव्या वर्षापासून घाम गाळला होता. ती हुकली तर पुढच्या वर्षी जत्रेचे पंच दुसऱ्या तालमीचा गडी धरणार हे उघड होतं.

चौथा सामना हरल्यावर मी वस्तादांशी बसमध्येच भांडलो.

"वस्ताद, ही अट काढा. क्लब मरतोय माझा."

"मरू द्या."

"अहो, कुस्ती वेगळी, हा खेळ वेगळा!"

"पाठ येकच हाय की," ते म्हणाले. "ती काय दोन दोन असत्यात?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. पण ते गप्प बसतील तर शपथ. प्रत्येक प्रवासात त्यांचे प्रश्न चालूच. बॉल पुढे का फेकायचा नाही? सहाव्यांदा पडल्यावर बॉल दुसऱ्याला का द्यायचा? पन्नास वेळा सांगितलं तरी एक्कावन्नाव्यांदा तेच. त्या दिवशी भांडण झालं आणि पाच मिनिटांत माझ्या दंडाला बोट लावून म्हणाले, "मास्तर, त्यो गडी रेषंच्या पल्याड गेला, पर बॉल भुईला टेकलाच न्हाई तर?"

"तर गुण नाहीत."

"म्हंजी नुसतं पल्याड जाऊन उपेग न्हाई?"

"नाही! बॉल जमिनीला टेकवावा लागतो. किती वेळा सांगू तुम्हाला?"

"आणि आपल्या गड्यानं खाली घुसून त्यो वरच्यावर धरला तर?"

"तर गुण नाहीत, वस्ताद! नाहीत! आता झोपू द्या मला."

"न्हाई, इचारलं आपलं," म्हणाले आणि बोटांवर काहीतरी मोजत बसले.

पाचवा सामनाही गेला. उरला सहावा, तो आमच्या गावात, हायस्कूलच्या मैदानावर, नाशिकच्या संघाशी. जिंकलो तर क्लब राहणार, नाहीतर संपला. सगळं गाव लोटलं होतं. रग्बी बघायला नव्हे. घाटावरच्या तालमीतली पोरं कशाची काय झालीत ते बघायला. पुढच्या रांगेत पंचक्रोशीतले जुने मल्ल फेटे बांधून बसले होते. त्यांच्या मधोमध आमचे वस्ताद.

सामन्याआधी मौला माझ्याकडे आला.

"सर, आज मी बाहेर बसू का?"

"का रे?"

"जत्रा म्हैन्यावर आलीया." तो बुटांच्या टोकाकडे बघत होता. "तुमी म्हनला तर खेळतो. तुमचं मन मोडणार न्हाई मी."

माझा असा संताप झाला! त्याच्यावर नव्हे, पण कुणावर तेही कळेना. तो बाहेर बसला तर आम्ही हरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी म्हणायला हवं होतं, बस बाबा. ते मी म्हणालो नाही.

"खेळ," मी म्हणालो. "फक्त पाठ सांभाळ."

आणि त्या दिवशी आम्ही खेळलो. कसे ते मला आजही सांगता येत नाही. बाळगोंडाने दोघांना अंगावर घेऊन पहिले चार गुण काढले. सुकुमारने एकालाही आपटून फेरी मारली नाही, आपटायचा आणि पुढच्याच्या मागे पळायचा. मौलाच्या मिठीत सापडलेला गडी पुढे सरकत नव्हता. नाशिकवाल्यांनी पहिल्या डावात सहा गुण केले, आम्ही दुसऱ्यात आणखी चार. आठ-सहा. शेवटचं मिनिट. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, बघायचं धाडस नव्हतं.

त्यांचा सहा फुटांचा एक गडी बॉल पोटाशी धरून मधूनच सुटला. आमचे दोघे त्याच्या पायांवरून घसरले. रेषेपाशी एकटा मौला उरला. त्याने समोरून त्याच्या कमरेला मिठी घातली, पण तोवर तो गडी रेषेच्या पलीकडे पाऊल टाकून बसला होता. आता फक्त बॉल खाली टेकवायचा आणि सामना त्यांचा. दोघे उभ्याउभ्या झोंबत होते. तो अंगाचा सगळा भार पुढे टाकत होता आणि मौलाचे पाय गवतावर मागे मागे सरकत होते. पडणार हे दिसत होतंच. कसं पडायचं एवढंच मौलाच्या हातात होतं. अंग वळवून कुशीला गेला असता तर पाठ वाचली असती, पण मिठी सुटून बॉल गवताला लागला असता. सरळ खाली गेला असता तर बॉल त्याच्या छातीवर अडकला असता. पण मग पाठ, आणि तीही सगळ्या गावासमोर, जुन्या मल्लांसमोर.

मौलाने मान वळवून रांगेकडे बघितलं. माझ्याकडे नव्हे.

मी ओरडलो नाही. आता पंधरा वर्षं झाली. ते शहाणपणाने झालं की भित्रेपणाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ओरडले ते वस्ताद. पुढच्या रांगेतून उठून, फेटा खांद्यावर सुटलेला, दोन्ही हात खाली दाबत: "मौल्या! खाली जा! पाठ टाक! पाठ टाक म्हंतो ना!"

मौलाने पाठ टाकली. धपकन आवाज झाला. तो अजस्र माणूस त्याच्या छातीवर पडला आणि दोघांच्या मध्ये बॉल. नाशिकचा गडी कोपरं मारत होता, बॉल बाजूला सरकवायला बघत होता. मौलाने दोन्ही हातांनी त्याला असा आवळला होता की जणू सोडलं तर जीव जाईल. पंच पोटावर झोपून त्या ढिगाखाली बघत होते. मग उठले. बॉल टेकला नाही अशी खूण केली आणि सामना संपल्याची लांब शिट्टी दिली.

आमच्या शाळेची पोरं तेवढी ओरडली. बाकीचं गाव गप्प. त्यांना गुण-बिण काही कळत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच, की मौला नदाफ उताणा पडलाय आणि त्याच्या छातीवर परका गडी आहे. एक म्हातारा मल्ल उठला, वस्तादांकडे न बघता धोतराचा सोगा झटकला आणि चालू लागला. त्याच्या मागून आणखी दोघे गेले.

मी मात्र मौलाला उचलून नाचत होतो. जिंकलो होतो आम्ही!

तिसऱ्या दिवशी सकाळी मौला रडत शाळेत आला. "काढलं का रे तालमीतून?" मी विचारलं.

"न्हाई सर. माझी कुस्ती हाय. वस्तादच म्हनले, लाग तयारीला."

"मग रडतोस कशाला?"

"वस्ताद हौद्यात उतरंनात."

मी सायकल काढली आणि घाटावर गेलो. वस्ताद तालमीच्या बाहेर पायरीवर बसले होते. आत पोरांचं शड्डू ठोकणं चालू होतं आणि ते बाहेरून नुसत्या आवाजावर शिकवत होते: "सुक्या, डावा पाय आत घे. दिसत न्हाई म्हनून समजत न्हाई व्हय मला?"

"हे काय चाललंय, वस्ताद?"

"बसा मास्तर. चा सांगू?"

"चहा राहू द्या. आत का जात नाही तुम्ही?"

"माझ्या तालमीच्या गड्याची पाठ लागली. चारचौघांत." ते दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले. "मौलानं वस्तादाचं ऐकलं, त्यात त्याचा काय गुन्हा? पाठ लावली कुनी? मी. मग शिक्षा कुनाला? आता ह्या मातीला शिवायचा न्हाई मी."

"अहो, पण तो खेळच वेगळा! आपण जिंकलो! तुम्हाला नियम माहीत होता. म्हणून तर ओरडलात!"

"नियम ठावं हुता," ते म्हणाले. "पाठ टेकली तरी खेळ चालतो, हे पयल्या सामन्यालाच समजलं हुतं."

"मग झालं तर! कुस्तीतली पाठ वेगळी, रग्बीतली वेगळी. सोडा ना आता."

"आणि त्या चौघांस्नी काढलं तवा?" वस्तादांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तवाबी ह्योच खेळ हुता, मास्तर. तवा न्हाई वेगळा झाला. मौल्याची पाळी आली आणि वेगळा झाला व्हय?"

मी जास्तच चिडलो. "मग त्या चौघांनाही परत घ्या!"

"आता घेतलं तर गाव म्हनंल, मौल्यासाठी घेतलं. त्यास्नी पुढल्या साली उतरवतो."

"म्हणजे त्यांना एक वर्ष. आणि तुम्हाला?"

"ती पोरं हायती. ती चुकली. अट माझी हुती. मी सबुद दिला हुता."

"किती दिवस बसणार असे बाहेर?"

आत कुणाचा तरी पाय सटकल्याचा आवाज आला आणि त्यांनी तिथूनच शिवी हासडली. मी तासभर भांडलो. समजावलं, विनवलं, शेवटी "हट्टी म्हातारा" असंही तोंडावर बोललो. ते हसले. पन्नास वर्षं ज्या मातीत उतरला तिच्यापासून चार हातांवर तो माणूस बसला होता, आणि माझ्या एका सामन्यासाठी. सायकल हातात धरून चालत घरी आलो; बसायचं सुचलंच नाही.

जत्रेला मैदान तुडुंब भरलं होतं. प्रत्येक वस्ताद आपल्या गड्याबरोबर आत, मातीत उभा होता. आमचे वस्ताद बांबूच्या कठड्याबाहेर माझ्या शेजारी बाकड्यावर बसले होते. लोक बघत होते, कुजबुजत होते. मौला एकटाच आत गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "उताणा नदाफ!" आणि पाच-पन्नास माणसं हसली. वस्तादांची मूठ गुडघ्यावर आवळली गेली.

कुस्ती बावीस मिनिटं चालली. तेविसाव्या मिनिटाला मौलाने समोरच्याला आस्मान दाखवलं. असा गजर झाला की कानठळ्या बसल्या. लोक कठड्यावर चढले, फेटे उडाले. मौलाने फेरी मारली नाही. सरळ आमच्याकडे धावत आला, कठड्यावरून उडी मारली आणि वस्तादांच्या पायांशी वाकला.

वस्तादांनी झटकन दोन्ही पाय वर, बाकड्यावर घेतले.

"माती हाय अंगाला," ते म्हणाले. "शिवू नकोस."

"अहो वस्ताद!" माझा तोल गेला. "आज तरी! त्या पोराकडे बघा जरा!"

ते बघत नव्हते. नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले. मौला क्षणभर तसाच वाकून राहिला. मग उठला आणि गर्दीतून वाट काढत पाण्याच्या टँकरकडे निघाला.

माईकवर त्याचं नाव पुकारायला सुरुवात झाली होती. चांदीची गदा घेऊन पाहुणे उभे होते. मी धावलो त्याच्या मागे. "अरे मौला, बोलावतायत! आधी गदा घे, मग काय करायचं ते कर!" तो ऐकेल तर ना! टँकरची तोटी सोडून त्याखाली उभा राहिला. डोकं धुतलं, मान धुतली, कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. पायांची नखं एकेक करून घासली. लाल पाणी वाहून जाऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत तो हलला नाही. पाठीला हात पुरेना, तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, मधी ऱ्हायलीय का बघा."

राहिली होती. मी ती हाताने धुतली.

मग तो तसाच निथळत परत गेला आणि वस्तादांसमोर उभा राहिला. वस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. सावकाश पाय खाली सोडले. मौलाने त्यांवर डोकं ठेवलं आणि वस्तादांचा हात त्याच्या ओल्या पाठीवर आला, खांद्यापासून कमरेपर्यंत एकदा फिरला, आणि मग तिथेच राहिला. माईकवाला चौथ्यांदा नाव पुकारत होता. "अहो, येतोय तो," मी तिकडे ओरडून सांगितलं, "जरा थांबा की!"